कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात हात कसा बसवायचा: कोल्हापूरच्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून मी शिरवळहून एसटीने कोल्हापूरला आले आणि चौथ्या दिवशी एका दवाखान्यातल्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हशीच्या पोटाचे चारही कप्पे झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. तीन किलोची मांजर बास्केटमधून बाहेर कशी काढायची, ते मात्र ठाऊक नव्हतं. मी दार सताड उघडलं आणि आत हात घातला. पुढची पाच मिनिटं मांजर औषधांच्या कपाटावर, मी स्टुलावर आणि डॉक्टर दाराला पाठ लावून उभे.

आपल्याकडे जनावर म्हटलं की म्हैस. घरात गोठा असतो, गावात दूध संस्था असते, त्यामुळे मोठ्या जनावरांची भीती नसते. कुत्रं-मांजर म्हणजे सोपं, असं वाटत असतं. सोपं नसतं, वेगळं असतं. आमच्यातले बहुतेक शिरवळला, कोणी परळला, कोणी उदगीर-परभणीला शिकतात आणि सुट्टीत घरी येतात. त्या सुट्टीत इथेच, कोल्हापुरात, कसं शिकायचं ते लिहिते आहे. मी जे उलट्या क्रमाने केलं ते तुम्ही सुलट करा.

१. कधी सुरू करायचं

पहिल्या वर्षी घाई नको. ॲनाटॉमी नीट करा, पुढच्या पायाची सेफॅलिक व्हेन कुठून जाते हे हाडांसकट डोळ्यापुढे आलं पाहिजे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चार-पाच आठवडे सलग मिळत असतील तर जा. औषधशास्त्र झाल्यावर परत जा, तेव्हा तोच दवाखाना वेगळा दिसतो. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप असा आपला कोर्स आहे. पण इंटर्नशिपमध्ये एका सुईभोवती पाच-सहा जण उभे असतात. तिथे ज्याचा हात आधीच बसलेला असतो, त्याच्याच हातात सुई दिली जाते.

एक-दोन दिवस ‘बघून येते’ म्हणत जाऊ नका. पहिला आठवडा तर कापूस कुठे आणि थर्मामीटर कुठे हे कळण्यातच जातो.

२. जाण्याआधी: टोचून घ्या, कागद जमवा

रेबीजची आगाऊ लस घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढू नका. तीन डोस: पहिला दिवस शून्य धरून पुढचे सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे सुट्टी लागायच्या महिनाभर आधी सुरुवात हवी. इथेच सगळे चुकतात. सुट्टी लागल्यावर आठवण होते, मग ‘बघू पुढच्या वेळी’. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही घरी विचारून ठेवा.

आगाऊ लस घेतली म्हणून चावल्यावर काही करायचं नाही, असं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठायचा आणि लसीचं कार्ड दाखवायचं. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर साधारणपणे शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कार्ड नसेल तर हे कोणाला पटवून देणार? कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

कागद:

- कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाईड
- विभागप्रमुखांचं पत्र (मिळालं तर उत्तम, नसेल तर त्यासाठी अडू नका)
- लसीचं कार्ड
- घरच्या एका माणसाचा नंबर, दवाखान्यात लिहून ठेवायला

सामान: स्टेथोस्कोप, डिजिटल थर्मामीटर, छोटी टॉर्च, बोथट टोकाची बँडेज कात्री, एक आर्टरी फोर्सेप, खिशात मावणारी वही, दोन ॲप्रन, पुढून बंद असलेले आणि धुता येणारे बूट, जुना जाड टॉवेल. स्टेथोस्कोप महागडा नको. माझा पहिला स्टेथोस्कोप एका लॅब्राडॉरने दुसऱ्या आठवड्यात चावून दोन तुकडे केला. ओढणी, लांब कानातलं, मोकळे केस, हातातलं कडं, सगळं घरी ठेवा.

३. दवाखाना निवडणं आणि विचारणं

कोल्हापुरात साधारण तीन तऱ्हा दिसतात. पहिली, फक्त पाळीव प्राण्यांचे दवाखाने, शहरात. दुसरी, मिश्र प्रॅक्टिस: डॉक्टर सकाळी गोठ्यांवर, संध्याकाळी ओपीडीत कुत्री-मांजरं. तिसरी, सरकारी दवाखाने आणि जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम जिथे चालतं तिथेही विद्यार्थी जातात. तिथे शस्त्रक्रिया भरपूर बघायला मिळतात, पण मालकाशी बोलणं शिकायला मिळत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला मिश्र प्रॅक्टिसवाल्या डॉक्टरांकडे जा. मशिनं कमी असतात, म्हणून ते हाताने, डोळ्याने, नाकाने तपासतात आणि तेच आपल्याला शिकायचं असतं. एक्स-रे, सोनोग्राफी असलेला दवाखाना दुसऱ्या खेपेला.

फोन करू नका, मेसेज तर नकोच. समोर जा. संध्याकाळी सात वाजता पंधरा पेशंट बसलेले असताना नव्हे, ओपीडी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. मी वापरलेली वाक्यं अशी: “सर, मी शिरवळला शिकते, दुसरं वर्ष झालं. गाव उचगाव. पाच आठवडे आहेत, रोज संध्याकाळी येऊ शकते. वजन, नोंदी, साफसफाई, सांगाल ते करीन. जमेल तेवढं शिकवा.” डॉक्टरांनी एकच विचारलं, “रेबीजचं झालंय?” मी कार्ड पुढे केलं. “उद्यापास्नं ये.”

पैशाचं पहिल्या भेटीत काढू नका. त्याच वेळी तुम्हीही पैसे देऊ नका. शिकवायचे पैसे मागणारं कोणी भेटलं तर नमस्कार करून बाहेर पडा. मुलींसाठी एक व्यवहाराची गोष्ट: ओपीडी नऊला संपते असं सांगतात, साडेदहाला संपते. परत कसं जायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

४. पहिले पंधरा दिवस: वजन, ताप, हिरड्या

सुई मागू नका. त्याऐवजी आत येणाऱ्या प्रत्येक जनावराचं वजन, ताप, नाडी, श्वास आणि हिरड्यांचा रंग घ्यायचा आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा न विचारता सांगायचा. हे मनापासून केलं की आठवड्याभरात डॉक्टर तुमच्याकडे बघून “किती?” विचारायला लागतात.

कुत्र्याचा ताप साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. माणसाच्या हिशेबाने बघणारा मालक “१०२ म्हंजे लई ताप की ओ” म्हणतो, त्याला समजावावं लागतं. उलट, मे महिन्यात रिक्षातून धापत आलेल्या कुत्र्याला १०३ दिसलं तर दहा मिनिटं पंख्याखाली बसवून परत घ्या. मोठ्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला साठ ते एकशे चाळीसच्या आसपास, मांजराचे बरेच जास्त. हिरडी अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. पांढरट हिरडी दिसली तर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा आणि डॉक्टरांना लगेच सांगा. आपल्याकडे गोचीड-तापाची कुत्री वर्षभर येतात, पावसाळ्यानंतर जास्त. एर्लिकिया, बबेसिया ही गोचिडीतून येणाऱ्या रक्तातल्या जंतूंची पुस्तकातली नावं इथे रोजची आहेत. रक्ताची स्लाइड ओढायला या काळातच शिका. माझ्या पहिल्या वीस स्लाइड भिंतीला लावायच्या चुन्यासारख्या जाड होत्या.

वजन अंदाजाने लिहू नका. मोठं कुत्रं काट्यावर थांबत नसेल तर मालकासकट वजन करा आणि मालकाचं वजा करा. मालक लाजतात, पण करतात.

५. धरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

आमच्या दवाखान्यात एक मदतनीस होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पदवी नव्हती, पंचवीसेक वर्षं कुत्री धरत होते. पहिल्या दिवशी मी एका जर्मन शेफर्डचा पट्टा दोन्ही हातांनी गच्च पकडून उभी होते, ते गुरगुरत होतं. मामा म्हणाले, “पोरी, आवळू नगं. कवळ घाल.” त्यांनी कुत्र्याच्या गळ्याखालून एक हात नेला, डोकं आपल्या खांद्याशी टेकवून घेतलं, दुसरा हात पोटाखालून. गुरगुर थांबली असं नाही, पण कुत्रं हललं नाही.

रक्त काढायला किंवा सलाईन लावायला पुढचा पाय द्यायचा असेल तर असं: कुत्रं टेबलावर बसवा. तुम्ही त्याच्या एका बाजूला. एक हात गळ्याखालून नेऊन डोकं तुमच्याकडे, सुईपासून लांब वळवून धरा. दुसरा हात पाठीवरून पलीकडे नेऊन कोपराच्या मागे लावा आणि पाय पुढे ढकला, म्हणजे त्याला मागे ओढता येत नाही. त्याच हाताचा अंगठा कोपराच्या वाकणीवर आडवा ठेवून दाबा आणि किंचित बाहेरच्या बाजूला फिरवा. शीर वर येते. रक्त दिसल्यावर डॉक्टर “सोड” म्हणतील, तेव्हा फक्त अंगठा सोडायचा. कुत्रं नाही. मी एकदा दोन्ही सोडलं होतं.

सुई निघाल्यावर तिथे मिनिटभर दाबून धरा. नाहीतर काळीनिळी गाठ येते आणि पुढच्या वेळी ती शीर मिळत नाही.

तोंड बांधायला मझल नसेल तर रुंद बँडेज. फास नाकाडावर घालायचा, पहिली गाठ वर, मग पट्ट्या हनुवटीखाली फुली करून कानांच्या मागे नेऊन बांधायच्या, एका झटक्यात सुटेल अशी गाठ. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला हे चालत नाही. उलटी करणाऱ्या आणि धाप लागलेल्या कुत्र्याचंही तोंड बांधायचं नाही. कुत्रं तोंडानेच अंग थंड करतं, म्हणून कुणाचंही तोंड कामापुरतंच, दोन-चार मिनिटं.

मांजरासाठी क्रम पाठ करा: दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. मग बास्केट. वरचं झाकण निघणारं असेल तर ते काढा आणि मांजराला खालच्या भागातच बसू द्या, बरीचशी तपासणी तिथेच होते. नाहीतर टॉवेल टाकून टॉवेलसकट उचला. मानगूट धरून लोंबकळवणारे अजून भेटतील, त्यांचं बघून शिकू नका. पंखा का बंद करायचा, हे कपाटावरून उडी मारणारं मांजर एकदा बघितलं की कळतं.

आणि मालकाला डोकं धरायला देऊ नका. “मला काय करत न्हाई ओ ते” म्हणणाऱ्यालाच चावतं.

६. डोस आणि सलाईनचा हिशेब

वहीत पहिल्या पानावर लिहा: वजन गुणिले डोस, भागिले बाटलीतली तीव्रता. दहा किलोचं कुत्रं, मेलोक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं औषध) ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे २ मिलिग्रॅम. बाटलीत ५ मिलिग्रॅम प्रति मिली, म्हणजे ०.४ मिली. चार मिली नव्हे. टिंबाच्या आधीचं शून्य लिहिल्याशिवाय राहू नका.

बाटलीवर टक्के असतील तर दहाने गुणा: ५ टक्के म्हणजे मिलीला ५० मिलिग्रॅम, १० टक्के म्हणजे १००. मिश्र प्रॅक्टिसच्या कपाटातला सापळा हाच असतो. म्हशीची आणि कुत्र्याची बाटली शेजारी शेजारी, एकाच औषधाची, तीव्रता वेगळी. त्याहून वाईट म्हणजे मोठ्या जनावरांसाठीच्या मेलोक्सिकॅमच्या काही बाटल्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं. मांजराच्या लिव्हरला ते औषध मोडून काढता येत नाही, रक्ताचा रंग बदलतो, हिरड्या तपकिरी पडतात. मालक घरी माणसाची तापाची गोळी देऊनही असंच मांजर घेऊन येतात. म्हणून बाटली हातात घेतली की मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबायचं नाही. खालची बारीक ओळ वाचायची, मोठ्याने, डॉक्टरांना ऐकू जाईल अशी. सुरुवातीला हसतात. हसू देत.

सलाईनचं उदाहरण: सहा किलोचं पिल्लू, पार्व्होने (उलटी-जुलाब करणारा विषाणू) आठ टक्के सुकलेलं. तूट सहा किलोच्या आठ टक्के, म्हणजे ४८० मिली. रोजची गरज किलोला ६० धरली तर ३६०. एकूण ८४० मिली चोवीस तासांत, म्हणजे तासाला ३५. उलटी-जुलाबात पुढे जे जाईल ते वेगळं धरायचं, आणि अवस्था वाईट असेल तर डॉक्टर सुरुवातीला वेगाने सोडतील. मायक्रो सेटमध्ये मिलीला ६० थेंब असतात, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब: ३५. साध्या सेटमध्ये मिलीला २० थेंब असतील तर मिनिटाला साधारण १२. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो बघा. थेंब मोजून दर पंधरा मिनिटांनी परत मोजा. पिल्लू पाय दुमडून झोपलं की सलाईन बंद पडते, आणि पाय सरळ झाला की धो धो सुरू होते.

पार्व्होच्या पिल्लाला हात लावून तसेच लसीकरणाच्या पिल्लाकडे जाऊ नका. सॅनिटायझरने पार्व्हो मरत नाही, ब्लीचने मरतो. टेबल, बूट, थर्मामीटर, सगळं. घरी गेल्यावर कपडे मागल्या दारी बादलीत. आमच्या गल्लीत तेव्हा चार पिल्लं होती, मला त्यांच्याकडे जायला आईने बंदी घातली होती. बरोबर केलं.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत.

७. कोल्हापूरची ओपीडी: काय विचारायचं

हिस्ट्री घेणं हे तुम्हाला लवकर मिळणारं काम आहे. पण लोक पुस्तकातल्या प्रश्नांना पुस्तकातली उत्तरं देत नाहीत. “सगळ्या लसी झाल्यात” याचा अर्थ बऱ्याचदा एक रेबीजचं इंजेक्शन झालंय एवढाच असतो. कार्ड मागा. “जुलाब लागल्यात” म्हणतात तेव्हा विचारा, किती, कसे, रंग काय, कुंथतंय का.

कुंथतंय का, हे इथे फार महत्त्वाचं. रविवारी घरात मटण, उरलेली हाडं कुत्र्याला आणि सोमवार-मंगळवारी आमच्याकडे गर्दी. शिजलेल्या हाडांचा चुरा आतड्यात सिमेंटसारखा बसतो. कुत्रं जोर करतं, कडेने थोडं पातळ सुटतं, मालकाला वाटतं जुलाब आणि तो घरीच जुलाब बंद व्हायची गोळी देऊन येतो. तांबड्या-पांढऱ्याचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देणारेही असतात, कांदा-लसणासकट. कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. हे सांगताना हसू किंवा राग दिसू देऊ नका, समोरच्याने प्रेमानेच घातलेलं असतं.

आता याच हाडांतला सगळ्यात मोठा धोका. एका संध्याकाळी एक गृहस्थ गल्लीतलं कुत्रं घेऊन आले. खालचा जबडा लोंबलेला, लाळ गळते आहे, आवाज बसलेला. “घशात हाड अडकलंय, जरा हात घालून काढा.” मी टॉर्च घेऊन पुढे झाले होते. मामांनी मागून माझा ॲप्रन ओढला. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, सगळ्यांना मागे सरकवलं, हातमोजे, जाड चादर, कुत्रं वेगळ्या पिंजऱ्यात. मुका रेबीज असाच दिसतो. सहसा चावत नाही, अंगावर येत नाही, नुसतं घशात काही अडकल्यासारखं वाटतं. तीन दिवसांत ते गेलं. त्या गृहस्थांना आणि घरात ज्यांनी ज्यांनी त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला होता त्या सगळ्यांना त्याच रात्री सीपीआरला पाठवलं होतं. ‘हाड अडकलंय’ हे शब्द ऐकले की आधी दोन पावलं मागे व्हा. मालकाने कुत्र्याच्या लसीचं कार्ड दाखवलं तरी तोंडात हात घालायचा नाही.

पावसाळ्यात आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या भागातून जी कुत्री आली त्यांच्याबद्दल जुने लोक अजून सांगतात. पाणी साचलं की उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा जंतू पसरतो. डोळे पिवळे, उलट्या, लघवी गडद असं कुत्रं आलं तर त्याच्या लघवीला उघड्या हाताने शिवू नका. हा आजार आपल्यालाही होतो.

आणि सीमाभागातून कारवानी (सडपातळ शिकारी जातीची कुत्री) घेऊन येणारे लोक आले तर जनावर बघून घ्या. अंगावर चरबी नावाला नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलीतून त्यांना बाहेर यायला वेळ लागतो. हे पुस्तकात एक ओळ असतं, टेबलावर दोन तास असतं.

८. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये)

इथे विद्यार्थ्याचं काम दोन: नोंद आणि मोजणी. भूल दिल्यापासून दर पाच मिनिटांनी ठोके, श्वास, हिरडीचा रंग, पापणीला स्पर्श केल्यावर हालचाल, ताप, हे कागदावर. पिशवीच्या शस्त्रक्रियेत सगळे आत बघत असतात, तोंडाकडे बघणारे तुम्ही एकटे असता. आणि कापसाच्या पट्ट्या पोट उघडायच्या आधी किती आणि बंद करायच्या आधी किती, हे मोठ्याने मोजायचं. आकडा जुळला नाही तर पोट बंद करू द्यायचं नाही, डॉक्टर कितीही घाईत असोत.

गाठी घरी शिका. खुर्चीच्या पायाला बुटाची नाडी बांधून रोज पन्नास, एका हाताने, बघता बघता नव्हे, न बघता. टाक्यांसाठी खाटकाकडून कोंबडीचे कातडीसकट पाय आणायचे. आमच्या घरी यावरून बराच वाद झाला.

९. हे अजिबात करू नका

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे नोंदणी असलेल्या डॉक्टरलाच उपचार करता येतात. तुम्ही जे काही कराल ते डॉक्टर शेजारी उभे असताना. ओपीडीबाहेर “ताई, जरा घरी येऊन इंजेक्शन मारून जाता काय, दोनशे देतो” असं म्हणणारे पहिल्या महिन्यातच भेटतात. नाही म्हणायचं. शेजारच्या काकूंनाही नाही म्हणायचं, ते जास्त अवघड आहे. चिठ्ठी लिहू नका, लसीच्या कार्डावर सही करू नका.

एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, डॉक्टर गोठ्यावर निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, “ताप असला की ही बाटली दोन मिली, बिल मदतनिसाकडे.” मी तीन पेशंट बसवून ठेवले आणि काहीच टोचलं नाही. डॉक्टर आल्यावर भडकले, एक मालक तर माझ्यावरच ओरडून गेला. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे गेले नाही. आणखी एका ठिकाणी बारा दिवस नुसती बिलं केली आणि कुत्र्यांना अंघोळी घातल्या. अंघोळ घालण्यात कमीपणा नाही, कातडीचे आजार तिथेच दिसतात. पण दोन आठवड्यांत एकदाही कोणी काही दाखवलं नाही तर दवाखाना बदला.

पेशंटचे फोटो स्टेटसला टाकू नका. मेलेल्या जनावराचे तर मुळीच नाही. कायमचं झोपवायच्या वेळी खोलीत राहायला मिळालं तर गप्प उभं राहा, मालक रडत असेल तर पाणी द्या, “दुसरं पिल्लू घ्या” म्हणू नका.

१०. वही आणि पत्र

रोज रात्री पाच केसेस लिहा: जात, वय, वजन, तक्रार, काय दिसलं, काय दिलं, आणि एक प्रश्न. मालकाचं नाव आणि नंबर लिहू नका. प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी विचारा, ओपीडीच्या गर्दीत नव्हे, शटर ओढताना.

शेवटी अनुभवाचं पत्र घ्या. त्यात तारखा, रोजचे तास, काय काय केलं आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या. आणि निघायच्या दिवशी मागू नका, चार दिवस आधी मागा. मी शेवटच्या दिवशी मागितलं. डॉक्टर वडणग्याला एका अडलेल्या म्हशीपाशी होते, माझी शिरवळची गाडी दीडची. स्कूटर काढून तिथे गेले, त्यांनी हात धुऊन गोठ्याच्या कट्ट्यावरच सही केली. इंटर्नशिपच्या फायलीत ते पत्र लावलं तेव्हा क्लार्कने कोपऱ्यातल्या हिरवट डागाकडे बघून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “शेण आहे सर.” त्यांनी शिक्का मारला.